वाहुळे डॉक्टर आणि माझा डावा जबडा

"तंबाखू?" असं डॉक्टरनं विचारलं आणि मी "नाही" म्हणाले. चांगलं ठासून म्हणाले. त्या वेळी माझ्या पर्समध्ये, रुमालाच्या घडीत, मिश्रीची डबी होती.

मी खोटं बोलले असते तर निदान हुशार तरी ठरले असते. पण मला ते खरंच वाटत होतं. तंबाखू म्हणजे ती, जी पुरुषमाणसं तळहातावर चोळतात आणि जिन्याच्या कोपऱ्यात थुंकतात. मिश्रीचं तसं नसतं. तीच तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची, की झाली दाताला लावायची भुकटी. आमच्या वैजापूरकडं बायका तिला औषधच समजायच्या. माझी आई लावायची, सासू लावायची, आणि मी सुनेला चोरून बाथरूमची कडी लावून लावायचे. भाजताना तंबाखूतला तंबाखूपणा धुरावाटे निघून जातो, असं ही पासष्टीतली, बी.ए. झालेली पोरगी मनापासून मानत होती. आणि बोट फिरवायची कुठं, तर खालच्या डाव्या बाजूला, तीन नव्याकोऱ्या दातांच्या मुळाशी. तिथली हिरडी शिवशिवायची. मिश्री लावली की बरं वाटायचं.

जिला मी "नाही" म्हणाले ती डॉक्टर वाहुळे. मी तिला समोर 'तुम्ही' म्हणायचे आणि घरी 'ती'. इथं घरचंच लिहिते. प्रेमानं काही लिहीन अशी आशा कुणी ठेवू नये. तिलाही ते आवडणार नाही.

आधी ते तीन दात सांगते. माझ्या सासूबाईंना कवळी होती. एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याला "भात पुरे" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि कवळी भातावर येऊन बसली. पंगत हसली नाही, ते जास्त वाईट होतं. तेव्हाच मी ठरवलं, मरेन पण कवळी लावणार नाही. पुढं माझ्या डाव्या बाजूच्या दाढा गेल्या, तेव्हा मी गेले विश्वजितकडं. विश्वजित हा माझ्या मावसबहिणीचा मुलगा. जालना रोडला त्याचा चकचकीत दवाखाना, काचेच्या पेटीत मासे, बसल्याबसल्या कॉफी. त्यानं जबड्याच्या हाडात तीन स्क्रू बसवले आणि वर तीन दात चढवले, एकाला एक जोडून. म्हणाला, "मावशी, याला कीड लागत नाही. आता मरेपर्यंत बघायला नको." मग मी बघितलंच नाही. त्यानंही नाही. मी मात्र कॉलनीभर जबडा उघडून दाखवत फिरले. भिशीत एकीनं दात बघू दे म्हणून टॉर्च आणली होती, यावरून काय ते समजा.

चारेक वर्षांनी पेरू खाताना पेरूला रक्त दिसलं. दुखत काहीच नव्हतं. सकाळी तोंडाला वास यायचा, तो मी नवऱ्याच्या नावावर खपवला. विश्वजितला फोन केला तर म्हणाला, "कोमट पाण्यानं गुळण्या करा, मावशी." मी केल्या. वर मिश्री लावली. शेवटी सुनेच्या, म्हणजे मेघाच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "आई, शहागंजात एक मॅडम आहेत, फक्त हिरड्यांचं बघतात. वाहुळे म्हणून."

आडनाव ऐकून मी म्हटलं, "दुसरं कुणी नाही का?"

"का?"

याचं उत्तर मला देता येत होतं, पण सुनेसमोर द्यायची लाज वाटली. तेवढी लाज होती, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवते. दाताचा डॉक्टर मी आडनाव बघून निवडला होता आणि त्यानं माझं काय केलं होतं ते माझ्याच तोंडात होतं. तरीही रिक्षात शहागंजापर्यंत मी बाहेर बघत बसले, सुनेशी बोलले नाही.

दवाखाना बांगड्यांच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर. खालून भज्यांचा आणि अत्तराचा वास एकत्र यायचा. आत मासे नव्हते, कॉफी नव्हती. भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला तो सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला फोटो. मी तो आधी पाहिला आणि डिग्रीचं सर्टिफिकेट नंतर. ते ती बघत होती.

ठेंगणी बाई, पंचेचाळिशीची. जाड भिंगाचा चष्मा, आवळून बांधलेला बुचडा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. 'या', 'बसा' काही नाही. तिच्याजवळ नसरीन नावाची मदतनीस होती, तिनंच मला खुर्चीत बसवून गळ्यात फडकं बांधलं. मी सुरुवात केली, "हे बघा बाई..."

"डॉक्टर."

"तेच हो. तर बाई, मला..."

"ठीक आहे. आजी, तोंड उघडा."

आजी! मी तेव्हा केस रंगवत होते. मला जन्मात कुणी परक्या माणसानं आजी म्हटलेलं नव्हतं. मी तिला पुढं 'डॉक्टर' म्हणायला शिकले, पण तिनं माझं 'आजी' काही परत घेतलं नाही.

मग ते तंबाखूचं झालं. मग तिनं एक बारीक, बोथट, खुणा केलेली सळई उचलली आणि दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सोडत गेली. सळई किती आत जाते ते नसरीनला सांगायची, वाण्यानं पोराला माप सांगावं तशी. "तीन. तीन. चार, रक्त. सहा. सात, रक्त. नऊ, पू."

"पू?" मी सळईसकट ओरडले.

तिची एक पद्धत होती. ती पेशंटच्या हातात आरसा द्यायची. द्यायची म्हणजे कोंबायची. मागच्या दाताच्या हिरडीवर तिनं बोट दाबलं आणि म्हणाली, "बघा." दाताच्या कडेनं पिवळट थेंब वर आला. मी डोळे मिटले.

"डोळे उघडा. तोंड तुमचं आहे, मी एकटीनं का बघायचं?"

"पण दुखत नाही हो मुळीच."

"हाड जाताना दुखत नाही. दुखलं असतं तर तुम्ही चार वर्षं थांबला असतात?"

मग सळईच्या टोकाला काहीतरी काळं लागलं. तिनं ते नसरीनच्या नाकाखाली धरलं. नसरीन म्हणाली, "खाला, मिश्री लगाते क्या?"

"व्हय, मिश्री लावते," मी म्हटलं. "मिश्री विचारलीच कुठं? तंबाखू विचारली."

डॉक्टरनं हातमोजे काढले आणि तळहात पुढं केला. "डबी."

मी द्यायला नको होती. पण शाळेतल्या पोरीसारखी पर्स उघडली आणि दिली. तिनं भुकटी बेसिनमध्ये ओतली, पाणी सोडलं, माझ्या आईची पितळी डबी साबणानं धुतली, पुसली आणि परत दिली. "तंबाखू भाजली तरी तंबाखूच असते. हिरडीचं रक्त अडवते, म्हणून तुम्हाला बरं वाटतं. खाली हाड सडतं आणि वर तुम्हाला बरं वाटतं. बी.ए. ना तुम्ही?"

हे मेघानं सांगितलं असणार. मी घरी गेल्यावर मेघाशी त्यावरून भांडले.

एक्स-रे काढला. तो तिनं खिडकीच्या उजेडात धरला. रोपाभोवती पाण्यासाठी आळं करतो ना आपण, तसं स्क्रूभोवती हाड उकरल्यासारखं झालं होतं. ती नखानं दाखवत गेली. पुढच्या स्क्रूचं हाड जागेवर आहे, नुसती हिरडी सुजली आहे, नीट घासलं तर ती परत येईल. मधल्याचं हाड थोडं गेलंय, ते हिरडी उघडून साफ करावं लागेल. मागच्याबद्दल काही बोलली नाही.

"आणि मागचा?"

"मागच्याचं हाड आहे कुठं?"

"परत येईल ना पण?"

"हाड परत येत नाही, आजी. आहे ते धरून ठेवायचं असतं. त्यासाठी मी आहे. परत आणायला कुणी नाही."

हे तिचं पालुपद होतं. दिवसातून किती जणांना ऐकवायची कोण जाणे. जिन्यातून चढताना वरून ऐकू यायचं, "हाड परत येत नाही," आणि खालचा बांगडीवाला गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता म्हणायचा, "डॉक्टरनी शुरू हो गये."

लगेच चिरफाड करायची नाही, हा तिचा नियम. आधी घासायला शिका, मग मी हात लावते. येताना आपला ब्रश घेऊन यायचा. ती तो उजेडात धरून बघायची. केस फाकलेले दिसले की विचारायची, "यानं दात घासता का म्हैस?" दाताखाली जायला पाइप धुवायच्या ब्रशसारखा इवलासा ब्रश तिनं मला दिला, पण विश्वजितनं तिन्ही दात असे जोडले होते की त्याला शिरायला फटच नव्हती. ते बघून ती पहिल्यांदा माझ्याऐवजी दुसऱ्या कुणावर चिडली. माझ्यासमोरच तिनं त्याला फोन लावला, स्पीकरवर.

"स्क्रू बसवले त्या दिवशीचा एक्स-रे पाठवा. हाड तेव्हा कुठवर होतं ते बघायचंय."

विश्वजित गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, मावशी आमच्या घरातली आहे. उगं कापाकापी करून तिला घाबरवू नका. थोडी सूज असते."

"घरातली आहे म्हणून चार वर्षं बोलावलं नाही का?"

"आम्ही सांगितलं होतं तिला यायला."

त्यानं सांगितलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि मी खुर्चीत आडवी पडून गप्प राहिले. भाचा आपला होता ना. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. छतावर पालही नव्हती बघायला.

"एक्स-रे पाठवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. एक्स-रे आला. त्यात हाड स्क्रूच्या गळ्यापर्यंत होतं, कडेकडेनं भरलेलं.

तिचं जेवण मी पुष्कळदा पाहिलं. दुपारी पेशंट बसलेले असतानाच ती आणि नसरीन आतल्या खोलीच्या दारात स्टुलं टाकून बसायच्या. ज्वारीची भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा कराकरा चावायची. मग बाहेरच्या बेसिनपाशी यायची आणि आम्हा सगळ्यांकडं तोंड करून दात घासायची. लांबलचक. एकेक दात. मध्येच ब्रश बाहेर काढून कुणाकडं तरी रोखायची, "तुम्ही, चष्मेवाले, हे मागचं कधी घासता?" तोंडाला फेस. माणसं ओठ मिटून घ्यायची. मला हे इतकं असभ्य वाटायचं की मी घरी येऊन नवऱ्याला नक्कल करून दाखवायचे. नक्कल करताना मी मागचे दात घासायला लागले, हे त्यानं मला सांगितलं.

अशीच एकदा बाहेर बसले होते, तर वैजापूरकडचा एक कांद्याचा व्यापारी आला. पांढरा सदरा, हातात दोन मोबाइल. वरचे दात हलत होते त्याचे. दार उघडंच होतं, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"मॅडम, पोरीचं लगन हाय पुढच्या महिन्यात. समदे काढा आन् सहा खिळे ठोका. पैशाचं टेन्शन घिऊ नका."

"आधी हिरड्या."

"हिरड्यांचं मागून बघू की."

"पू आहे तोंडात. पुवात स्क्रू बसवत नाही मी."

मग आवाज मऊ करून त्यानं तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडं कुणाचंही सगळं काढून घेण्यासाठी विचारतात. "मॅडम कुठल्या म्हणायच्या?"

"पिशोरची."

"आरं वा. पिशोरला लई पाव्हणे हायेत आपले. पिशोरात कुणाच्या?"

"ज्यांना तुमचे पाव्हणे ओट्याच्या खाली उभं करायचे, त्यांच्यातली. आता तोंड उघडता का जाता?"

बाहेर बाकड्यावर सगळे आपापल्या मोबाइलमध्ये घुसले. मी कुठं घुसणार? तोच प्रश्न गेले दोन महिने मी तोंडात घोळवत होते. फक्त त्यानं आधी विचारला. मला हसू आलं ते त्या व्यापाऱ्याचं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तो गेला नाही, हे मात्र खरं. त्यानं तोंड उघडलं. लग्नात तो म्हणे तोंड मिटून हसला आणि पुढं वर्षभर तिच्याकडं येत राहिला, दर वेळी शिव्या खात.

मीही येतच होते. बाहेर मात्र माझं वेगळंच चाललं होतं. भिशीत, हळदीकुंकवात, जिथं म्हणून चार बायका भेटतील तिथं मी सांगायचे, की बाई उर्मट आहे, पोरंसोरं असल्यासारखं बोलते, आपल्यासारख्यांवर राग दिसतोय तिचा. 'आपल्यासारख्यांवर' म्हणताना मी आवाज खाली आणायचे आणि बायका माना डोलवायच्या. हे तिच्या कानावर जात असणार. शहर एवढंसं, आणि नसरीनची बहीण आमच्या कॉलनीत शिवणकाम करायची. पण तिनं कधी दाखवलं नाही. शिव्या आधीइतक्याच दिल्या, हिरडीवर हात आधीइतकाच हलका. तिचा हात फार हलका होता. हे मी भिशीत सांगितलं नव्हतं.

नसरीनला मी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "काय गं, डॉक्टर एवढ्या चिडलेल्या का असतात? घरी काही...?"

नसरीन म्हणाली, "पूछो नक्को खाला. मैं इत्ते बरस से साथ हूँ, मैं नई पूछी."

हिरडी उघडून साफ करायचा दिवस आला. मेघा बाहेर बसली. मी खुर्चीत, अर्धा जबडा सुईनं बधिर, आणि ही म्हणते, "मागचा काढावा लागेल, आजी. आज."

मी उठून बसले. गळ्यात फडकं, ओठ लोंबलेला. "काहाहा हाही," म्हणजे काढायचा नाही.

"ठेवला तर मधल्याचंही हाड खाईल. मग दोन्ही जातील. मग पुढचा एकटा काय करणार?"

मला पंगत दिसत होती. भातावर बसलेली कवळी दिसत होती. मी बोबड्या तोंडानं जे काय बोलले त्यात विश्वजित होता, घराणं होतं, 'तुम्हाला काय जातंय' होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग दिवा बाजूला सारला.

"जा मग. नसरीन, आजींना कवळीवाल्यांचा पत्ता दे."

नसरीन खरंच कागद शोधायला लागली. मी पाय खाली सोडले. बूट घातले. एक बूट घातला, खरं तर. दुसरा सापडेना, नसरीननं तो खुर्चीखाली पायानं सरकवला होता हे मला नंतर कळलं. एका पायात बूट घालून मी बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की मला फार भीती वाटतेय. इतकी, की मला कुणी तरी रागावून का होईना, पुन्हा आडवी पड म्हणावं असं वाटत होतं.

"काढा," मी म्हटलं आणि आडवी पडले.

तिनं जोडलेले दात कापून उतरवले. हिरडी बाजूला केली. मला दिसत काही नव्हतं, नुसता खरवडल्याचा आवाज हाडातून कानात यायचा. पेशंटच्या तोंडात हाड उघडं असताना ती कुणावर ओरडत नसे. तेवढाच वेळ काय तो तिचा आवाज ऐकला नाही मी. मग तिनं नसरीनकडून पांढरा कापसाचा बोळा घेतला आणि माझ्या डोळ्यांपुढं धरला. त्यावर खडूसारखे दोन-तीन कपचे होते.

"दात चिकटवायचं सिमेंट. हिरडीखाली राहिलेलं. त्याच्याभोवती सगळं सडलं. हे तुमच्या भाच्याचं."

मग दुसरा बोळा. त्यावर काळे, दगडासारखे किटणाचे खडे.

"आणि हे तुमचं."

ती एवढंच म्हणाली. मी तिच्याबद्दल भिशीत एवढं बोलले होते. तिला त्या दिवशी सगळं भाच्यावर ढकलता आलं असतं, मला तेच ऐकायला हवं होतं आणि मी गावभर तिचे गोडवे गात फिरले असते. किंवा सगळं माझ्यावर ढकलता आलं असतं. तिनं दोन बोळे दाखवले आणि टाके घालायला घेतले.

मागचा स्क्रू गेला. तो तिनं मला कागदात बांधून दिला. एवढासा होता. यासाठी मी कॉलनीभर जबडा उघडत फिरले होते.

पुढं तिनं उरलेल्या दोन स्क्रूंवर सुटे दात बसवले, मध्ये तो इवलासा ब्रश जाईल एवढी फट ठेवून. दर तीन महिन्यांनी बोलवायची. सळई, आकडे, आरसा. आकडे उतरत गेले. "चार. तीन. तीन." रक्त हा शब्द यायचा बंद झाला. कौतुक मात्र कधी नाही. एकदा मी स्वतःच म्हटलं, "बघा, आता कसं छान आहे." तर म्हणाली, "माझ्यासमोर छान असतं सगळ्यांचं. येण्याच्या आदल्या दिवशी घासता ते कळतं मला." खरं होतं ते.

आता ती इथं नाही. पुण्याकडं कुठल्याशा कॉलेजात शिकवते म्हणतात. त्या पोरापोरींची मला दया येते. दवाखाना एका तरुण डॉक्टरनं घेतलाय. त्यानं गाणी लावलीत. तो माझ्या हिरडीत सळई घालतो आणि म्हणतो, "एक्सलंट, काकू." मला त्याचा विश्वास वाटत नाही. दोन्ही दात अजून जागेवर आहेत. परवाच हुरडा खाल्ला, डावीकडूनच.

पण मला सांगायची आहे ती तिची माझी शेवटची भेट. तेव्हा ती शेवटची आहे हे मला माहीत नव्हतं. वर्ष होऊन गेलं होतं त्या कापाकापीला. तिनं नवा एक्स-रे काढला. खिडकीशी गेली, जुना एका हातात, नवा दुसऱ्या हातात. मी खुर्चीत हात जोडून बसले होते, देवळात बसावं तशी. मधल्याचं हाड आणखी खाली गेलेलं असेल तर तोही जाणार होता, आणि मग कवळी. ती इतका वेळ बघत राहिली की नसरीनही काम सोडून तिच्या मागं जाऊन उभी राहिली.

"हाड आहे तिथंच आहे," ती म्हणाली.

मी रडले. खरं सांगायचं तर गळ्यातल्या फडक्यात तोंड खुपसून हमसून रडले. नसरीननं पाण्याचा ग्लास दिला. डॉक्टर पाठमोरी हात धूत होती. माझं मन इतकं भरून आलं होतं, की या बाईला काहीतरी मोठं, मनापासूनचं द्यावं असं वाटलं. माझ्याजवळ होतं त्यातलं सगळ्यात मोठं मी शोधलं. सत्तरी जवळ आलेली, शिकलेली, दोन दात वाचलेली मी, ग्लास खाली ठेवून म्हणाले, "डॉक्टर, खरं सांगते हं, तुमच्याकडं बघून अजिबात वाटत नाही हो."

नळ चालू होता. नसरीनचा हात माझ्या खांद्यावर होता तो तिनं काढून घेतला. काय वाटत नाही, हे डॉक्टरनं विचारलं नाही. तिला ते आयुष्यभर सांगत आले असतील माझ्यासारखे. मला मात्र त्या क्षणी, नळाच्या आवाजात, आपण काय बोललो ते कळलं. आणि परत घेता येईना. मी रागीट माणसं पाहिली आहेत, माझ्या घरातच होती. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं, मीही चिडले असते. तिनं नळ बंद केला. हात पुसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडं वळली, आणि पेशंटला सूचना देतात त्या आवाजात, एक शब्दही वर न चढवता म्हणाली,

"वाटायला कशाला पाहिजे, आजी? आहेच मी. तीन महिन्यांनी या, आणि तोवर डावीकडं नीट घासा."